क्लच हार्ड झालाय? किट टाकायच्या आधी जडपणा कुठे बसलाय ते शोधा

घोडबंदर रोडने रोज ये-जा करणाऱ्याला क्लच जड झालेला कळायला मेकॅनिक लागत नाही, माजिवड्यापासून गायमुखपर्यंत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत गेलं की डावा गुडघाच सांगतो. मग गाडी गॅरेजला जाते, मिस्त्री एकदा पेडल दाबून बघतो आणि म्हणतो "प्लेट गेलीय, किट टाकावं लागेल", किट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग यांचा संच. कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दोष क्लचची वायर, सुकलेला बुश (दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी), नाहीतर स्लेव्ह सिलेंडर असल्या फुटकळ वस्तूत असतो, आणि मग गिअरबॉक्स उतरवून नवीन किट टाकूनही पेडल जसंच्या तसं जड राहतं कारण वायर जुनीच राहिलेली असते. वायर काही शेकड्यांत येते, किट काही हजारांत जातं आणि मजुरी वेगळी, तेव्हा आधी शोधायचं, पाना नंतर हातात घ्यायचा.

ज्यांनी आजपर्यंत बोनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय त्यांच्यासाठी लिहितेय, त्यामुळे ज्यांना हे सगळं येतं त्यांनी थेट खाली जा.

पेडल दाबलं की काय होतं

इंजिनाच्या फ्लायव्हीलला क्लच प्लेट घट्ट दाबून धरायचं काम प्रेशर प्लेट करते, आणि तिच्यात मधोमध एक गोल डायफ्रॅम स्प्रिंग असते, फुलाच्या पाकळ्यांसारखी बोटं असलेली. तुम्ही पेडल दाबता तेव्हा एक फोर्क हलतो, तो रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग त्या बोटांवर दाबतं, प्लेट मोकळी होते आणि गिअर पडतो. पायाला जो जोर लागतो तो मुख्यतः या स्प्रिंगचा. उरलेला जोर वाटेतल्या घर्षणाचा असतो, आणि बहुतेकदा हे घर्षण वाढलं की आपण म्हणतो क्लच हार्ड झाला.

म्हणजे तीन ठिकाणं झाली. पायाशी पेडल आणि त्याचा बुश, मध्ये वायर किंवा नळीतलं तेल (पेडलकडचा मास्टर सिलेंडर ते ढकलतो आणि गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलेंडर त्या जोराने फोर्क हलवतो), आणि शेवटी गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेच्या आकाराच्या घरात फोर्क, बेअरिंग आणि प्रेशर प्लेट. पहिल्या दोन जागा घरी बघता येतात, तिसरीसाठी गिअरबॉक्स खाली येतो. सगळा खेळ एवढाच की जडपणा या तिघांपैकी कुणाकडे आहे ते ठरवायचं.

गाडीला हात लावायच्या आधीचे प्रश्न

जडपणा एका रात्रीत आला का हळूहळू? हळूहळू आला असेल तर प्लेट झिजतेय, बुश सुकलाय नाहीतर रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती कोरडी पडलीय. अचानक आला असेल तर वायरची एखादी तार तुटून आवरणात अडकली असेल, पेडलची स्प्रिंग जागेवरून निसटली असेल किंवा प्रेशर प्लेटमध्येच काही मोडलं असेल.

गाडी थंड असताना ठीक आणि तासभर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर जड, असं असेल तर ती महत्त्वाची खूण आहे, लिहून ठेवा. वायर एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर गरम होऊन आतलं प्लास्टिकचं अस्तर चिकटायला लागतं, आणि तेलाचा क्लच असेल तर मास्टर सिलेंडरचं रबर फुगलेलं असू शकतं.

पूर्ण चाल जड आहे का मध्येच एका जागी अडकून मग "टक" करून पुढे जातंय? अडकणं म्हणजे बहुतेक वेळा वायर, पेडलचा बुश किंवा रिलीज बेअरिंगची नळी, कारण स्प्रिंगचा जडपणा गुळगुळीत असतो, खरखरीत नसतो.

आणि क्लच कुठे पकडतो तेही बघा. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी हलते, ज्याला गॅरेजमध्ये क्लच वर आलाय म्हणतात, तसं असेल आणि सोबत जडपणा असेल तर प्लेट झिजल्याचा संशय पक्का होत जातो. प्लेट पातळ झाली की त्या डायफ्रॅमची बोटं बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात, त्यांचा कोन बदलतो, आणि त्याच स्प्रिंगला दाबायला जास्त जोर लागतो. उलट जमिनीजवळ पकडत असेल तर वायर सैल आहे किंवा तेलात हवा आहे, आणि तेव्हा पेडल जड न लागता मऊ लागतं, तो वेगळा आजार.

एक गैरसमज इथेच मिटवू. इंजिन बंद असताना ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं कारण ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असतो. आपल्या नेहमीच्या कारमध्ये क्लचला तसला बूस्टर नसतो, त्यामुळे क्लच इंजिन बंद ठेवूनही तपासता येतो, उलट तसाच तपासा, आवाज नीट ऐकू येतात. आणि शक्य असेल तर सोसायटीत त्याच मॉडेलची दुसरी गाडी शोधा, कावेसरपासून खारघरपर्यंत प्रत्येक पार्किंगमध्ये पाच-सात वॅगनआर उभ्या असतातच, शेजाऱ्यांना विनंती करून एकदा दाबून बघा. डिझेल एसयूव्हीचा क्लच मुळातच छोट्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असतो, नवीन गाडी घेतलेले बरेच जण त्यालाच बिघाड समजतात.

पहिली पायरी, पायाखालची

हसू नका, पण आधी मॅट बघा. दोन मॅट एकावर एक घातलेले, त्यातला वरचा सरकून पेडलच्या मागे गेलेला, हे फार कॉमन आहे. पावसाळ्यात तर लोक वर्तमानपत्रसुद्धा घालतात.

मग मोबाइलचा टॉर्च लावून डोकं खाली घाला आणि पेडल वर जिथे लटकतंय तिथे बघा. पेडल हाताने दाबा, पायाने नको, हाताला बारीक खरखर कळते. कुईकुई आवाज येतोय? बुश सुकलाय. पेडल डावी-उजवीकडे हलतंय? बुश झिजलाय. काही गाड्यांत पेडलला मदत करणारी एक जाड स्प्रिंग असते, ती पेडल अर्ध्याच्या पुढे गेलं की स्वतः ढकलते, ती तुटली किंवा निसटली तर पेडल एका दिवसात जड होतं आणि जो तो प्लेटच्या मागे लागतो.

बुशला सिलिकॉन ग्रीस किंवा पांढरं लिथियम ग्रीस लावा, बोटभर पुरे. डब्ल्यूडी-४० स्प्रे मारून आवाज लगेच बंद होतो पण ते असलेलं ग्रीसही धुऊन नेतं, आणि आठवड्याभरात कुईकुई परत. प्लास्टिकचा बुश असेल तर खनिज तेलाचं ग्रीस टाळा, सिलिकॉनचंच लावा.

तिथेच कार्पेटवर बोट फिरवा. पेडलच्या खाली चिकट-ओलसर डाग असेल आणि तुमची गाडी तेलाच्या क्लचची असेल तर मास्टर सिलेंडर आतून गळतोय.

वायर का तेल, ते कसं ओळखायचं

अल्टो, वॅगनआर, जुनी सँट्रो यांना वायर. इनोव्हा, स्कॉर्पिओ, क्रेटा यांना तेल, म्हणजे हायड्रॉलिक. बाकीच्यांनी मॅन्युअल बघा, किंवा बोनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या, आतला फोर्क हलवणाऱ्या लिव्हरपर्यंत काय येतंय ते बघा. टोकाला आट्या असलेला नट आणि काळी जाड केबल आली तर वायर, धातूची पाइप आणि छोटा सिलेंडर आला तर तेल. काही गाड्यांत तो सिलेंडर बाहेर दिसतच नाही कारण तो गिअरबॉक्सच्या आत बेअरिंगसकट बसवलेला असतो.

वायरवाल्या गाड्यांसाठी

इंजिन थंड, गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला वीट. एवढं करूनच सुरुवात. बहुतेक छोट्या गाड्यांत हे काम वरूनच होतं, गाडीखाली जायची गरज पडत नाही. जायचीच वेळ आली तर गाडीसोबत आलेल्या जॅकवर गाडी उचलून खाली घुसू नका, तो फक्त चाक बदलायला असतो, स्टँड लागतात. आणि आपल्याकडे बऱ्याच सोसायट्यांत पोडियमवर किंवा स्टिल्टखाली रिपेअरिंग चालत नाही, वॉचमनशी वाद घालण्यापेक्षा सेक्रेटरींना आधी विचारून घ्या.

आता खरी टेस्ट. गिअरबॉक्सच्या लिव्हरकडचा अॅडजस्टिंग नट किती आट्यांवर आहे त्याचा फोटो काढा, नट सैल करा आणि वायर लिव्हरमधून सोडवा. आता आत जाऊन पेडल हाताने दाबा. पुढे काही जोडलेलंच नाहीये, म्हणजे पेडल अगदी हलकं लागलं पाहिजे. अजूनही जड किंवा खरखरीत आहे? तर दोष वायरमध्ये नाहीतर पेडलमध्ये, गिअरबॉक्स उतरवायचा प्रश्नच नाही. हलकं झालं? मग जडपणा लिव्हरच्या पलीकडे. पाच मिनिटांच्या या एका टेस्टमुळे निम्मा संशय मिटतो आणि गॅरेजमध्ये ती क्वचितच कोणी करतं.

जाता जाता ती लिव्हर हाताने हलवा. थोडी मोकळी हलून मग टणक लागली पाहिजे, कारण तिथे प्रेशर प्लेटची स्प्रिंग सुरू होते. मोकळ्या भागातच रडतखडत हलत असेल किंवा सोडल्यावर तिथेच राहत असेल तर लिव्हरच्या शाफ्टचा बुश गंजलाय. ठाण्याच्या खाडीकाठची दमट हवा आणि पावसात साचलेल्या पाण्यातून गेलेली गाडी, हे दोन्ही मिळून शाफ्टचा बाहेर डोकावणारा भाग गंजवतात. गंज सोडवणारं तेल मारून, रात्रभर ठेवून, हाताने पुढे-मागे करून कधीकधी सुटतो. नाही सुटला तर ते गिअरबॉक्स उतरवायचंच काम.

वायर तपासायची कशी? सायकलच्या ब्रेकची वायर जशी आवरणात सरकते तसंच हेही आहे. पूर्ण काढून, मोठ्या सैल वळणात धरून आतली तार दोन्ही बाजूंनी ओढा, बोटांच्या जोराने सुळकन सरकली पाहिजे. टोकाशी, म्हणजे जिथे ती पेडलच्या हुकात बसते तिथे, नीट बघा, एक-दोन बारीक तारा तुटून केसासारख्या उभ्या राहिलेल्या दिसल्या की ती वायर संपली, कारण त्या तारा आवरणात शिरून अडकतात आणि पुढच्या काही दिवसांत वायर भर रस्त्यात तुटते. ऐरोली ब्रिजवर मधोमध क्लच नसलेली गाडी काय असते ते अनुभवायची गरज नाही.

वायरीत तेल सोडू का, हा प्रश्न येतोच. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या वायरींना इंजिन ऑइल सोडू नका, धूळ धरून ते चिकट होतं. खरखर आली की बदला, तेवढी महागडी वस्तू नाहीये ती.

बदलताना जुनी वायर कुठून कशी गेलीय त्याचे दोन-तीन फोटो काढा. लिव्हरकडून सोडवा, मग आत पेडलच्या हुकातून काढा (इथे पाठ सीटवर आणि पाय बाहेर अशी कसरत होते, वय झालेल्यांनी घरातल्या कॉलेजवाल्याला लावा), मग फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) रबरासकट इंजिनच्या बाजूला ओढून घ्या. नवीन वायर घेताना दुकानात जुनी घेऊन जा आणि लांबी शेजारी ठेवून जुळवा, त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलच्या वायरी वेगळ्या असू शकतात. बसवताना तीव्र वळण कुठेही नको, एक्झॉस्टपासून लांब, आणि रबर भोकात पूर्ण बसलेलं, नाहीतर पावसाचं पाणी सरळ पायाशी.

मग फ्री प्ले. पेडल हाताने हलकं दाबा, विरोध सुरू व्हायच्या आधी ते जितकं मोकळं जातं तो फ्री प्ले. वायरच्या बऱ्याच गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिलीमीटर असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तोच धरा. शून्य ठेवला तर बेअरिंग सतत घासत राहतं आणि क्लच स्लिप होतो, म्हणजे प्लेट घसरते, जास्त ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर येते. नट फिरवा, पेडल दहा-पंधरा वेळा दाबा, परत मोजा. काही गाड्यांत वायर आपोआप अॅडजस्ट होणारी असते, तिथे नट शोधत बसू नका.

तेलाच्या क्लचसाठी

सुरुवात टाकीच्या झाकणापासून. क्लचचं तेल म्हणजे ब्रेक फ्लुइडच, आणि कितीतरी गाड्यांत दोघांची टाकी एकच असते. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच वापरा, डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. तेलाचा रंग चहासारखा गडद झाला असेल तर ते जुनं आहे, हवेतलं पाणी शोषून घ्यायची या तेलाला सवयच असते. साधारण २ वर्षांनी बदललेलं बरं.

झाकण उघडल्यावर आतलं रबर बघा. ते फुगून लाटा-लाटांचं झालं असेल तर कोणीतरी चुकून इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं तेल असलं काहीतरी आत टाकलंय. खनिज तेलाने ब्रेक-क्लचची रबरं फुगतात, मास्टरमधलं तेल परत यायचं बारीक छिद्र झाकलं जातं, तेल गरम होऊन पसरलं की जायला जागा नाही, आणि पेडल दगड होतं. टाकी एकच असेल तर हाच प्रकार ब्रेकमध्येही झालेला असणार, तेव्हा गाडी जागेवरून हलवू नका, टोइंग बोलवा. या लेखात मी कुठेच घाबरवत नाहीये, इथे मात्र घाबरवतेय.

तेल ठीक असेल तर एका माणसाला आत बसवून पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही बाहेरून स्लेव्ह सिलेंडरची दांडी बघा, गॅरेजमध्ये याला लोअर आणि मास्टरला अपर म्हणतात. दांडी सलग पुढे जाऊन सलग परत आली पाहिजे. रबरी टोपी हळूच उचला, आत ओलं असेल तर स्लेव्ह गळतोय, गंजाची लाल पावडर असेल तर पिस्टन अडकतोय.

इथेही वायरसारखीच सोडवून बघायची टेस्ट आहे. स्लेव्हच्या ब्लीडिंग निपलला (तेलातली हवा काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावा, तिचं टोक थोडं ब्रेक फ्लुइड भरलेल्या बाटलीत बुडवा, निपल अर्धा आटा उघडा आणि आतल्याला पेडल सावकाश दाबायला सांगा. पेडल एकदम हलकं झालं तर मास्टर आणि पाइप चांगले आहेत, जडपणा स्लेव्हच्या पिस्टनमध्ये किंवा फोर्क-बेअरिंगमध्ये. तरीही जडच राहिलं तर मास्टर, पेडल किंवा मधली रबरी होज. होज आतून फुगून बंद झाली असेल तर एक खूण असते, पेडल जायलाही जड आणि परत यायलाही आळशी. निपल बंद केल्यावरच पेडल सोडायचं, नाहीतर हवा आत. पेडल खालीच राहिलं तर घाबरू नका, हाताने वर ओढा. पाच-सहा वेळा दाब-उघड-बंद-सोड केलं की बुडबुडे थांबतात, पण टाकीतलं तेल मिनिमम रेघेखाली जाऊ देऊ नका. आणि हे तेल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसून भागत नाही, रंग निघतो.

सिलेंडर गळत असेल तर वॉशर किट टाकून देतो म्हणणारे भेटतील. आतला पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर चालतं, पण गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं रबर थोड्याच दिवसांत कापलं जातं, तिथे माझं मत पूर्ण सिलेंडर बदला.

आता गिअरबॉक्सच्या आतलं

जडपणा पलीकडेच आहे हे ठरलं, तर किट खरंच लागणार का ते बघू. मागे कोणी नसताना पातलीपाडा किंवा वाघबीळच्या फ्लायओव्हरवर चढताना चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा, आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट स्लिप होतेय. आवाजही ऐका. गाडी न्यूट्रलवर, इंजिन चालू, पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते? रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर बंद? ते गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट बेअरिंग, त्याचा जडपणाशी संबंध नाही.

स्लिप नाही, क्लच नेहमीच्या जागी पकडतोय, तरी लिव्हरच्या पलीकडे जड असेल तर प्लेट चांगली असूनही बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती कोरडी किंवा ओरखडे पडलेली असू शकते. गिअरबॉक्स उतरवायचा खर्च तर होणारच, म्हणून एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकत्र बदलायचे, एखादा वाचवायच्या नादात परत तीच मजुरी द्यावी लागते. मिस्त्रीला सांगा की नळीवर आणि फोर्कच्या टेकूवर हाय टेम्परेचर ग्रीस अगदी पातळ लावायचं, जास्त लावलं तर उडून प्लेटला लागतं आणि नवी प्लेट स्लिप होते. इंजिनचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सचं इनपुट सील ओलं आहे का ते तुम्ही स्वतः बघा, गळत असेल तर आत्ताच बदला. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर त्याचं काय करायचं ते मिस्त्रीला विचारा. हे काम घरी करू नका, पण तेव्हा तिथे उभे राहा आणि जुने पार्ट परत मागून घ्या. वागळे इस्टेट असो नाहीतर तुर्भे, चांगला मिस्त्री हे मागितल्यावर रागवत नाही, उलट जुन्या प्लेटवरचे रिव्हेट किती वर आलेत ते दाखवतो.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली असेल आणि पेडल खाली जातंय पण गिअरच पडत नाहीये, तर ते जडपण नसतं, ओलाव्याने प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. त्याचा उपाय वेगळा.

काम झाल्यावर गाडी थोडी गरम होऊ द्या आणि मग परत तपासा, नुसतं गॅरेजच्या दारात दाबून पैसे देऊ नका. कोपरी पुलाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर हँडब्रेक वापरा, आणि सरळ रस्त्यावर डावा पाय पेडलवर न ठेवता बाजूला ठेवा, बेअरिंगला तेवढंच बरं. नवीन वायर टाकली असेल तर ती सुरुवातीला थोडी ताणून सैल होते, म्हणून आठ-दहा दिवसांनी फ्री प्ले परत एकदा मोजा आणि लागला तर नट अर्धा आटा फिरवा.